कुळाचे दुकान, खोताची जमीन

रत्नागिरीतून राजिवड्याच्या अंगाने भाट्ये पुलावर आले की खाली काजळी नदी समुद्राला मिळताना दिसते. पूल उतरला की पावसचा रस्ता. सुरूचे बन, त्यापलीकडे दीडेक किलोमीटरची सपाट चौपाटी, झरी विनायकाचे देऊळ, नारळ संशोधन केंद्राची बाग. आणि या सगळ्याच्या अधूनमधून पाट्या. ‘हापूस आंबे मिळतील’, ‘घरगुती जेवण’, ‘राहण्याची सोय’, ‘आमसुले, आंबापोळी, फणसपोळी’. फेब्रुवारी सरता सरता जुन्या पाट्यांना नवा रंग लागतो. प्रत्येकीवर मोबाइल नंबर असतो, आणि अलीकडे क्यूआर कोडचा चिकटवलेला कागदही. ही पुस्तिका या पाट्या लावणाऱ्यांसाठी आहे.

पाटीचे दोन गुण असतात. ती स्वतःच्या बांधावर उभी असते, आणि तिच्यावर काय लिहायचे हे तिचा मालक ठरवतो. दोष एकच, की रस्त्याने जाईल त्यालाच ती दिसते. डोंबिवलीत किंवा कोथरूडमध्ये बसलेल्या माणसाला ती दिसावी अशी सोय इंटरनेटने केली. पण ती करताना वरचे दोन्ही गुण हळूच काढून घेतले, आणि पाटीवाल्यांपैकी फार थोड्यांच्या ते ध्यानात आले आहे. पुढच्या सगळ्या प्रकरणांचा रोख तिथे आहे.

छोटा व्यावसायिक आणि ब्लॉग लिहिणारा यांना एका पुस्तिकेत का घातले, असे कुणी विचारील. शहरात ही माणसे वेगळी असतात. आपल्याकडे पुष्कळदा ती एकच असते. पडवीला लागून दोन खोल्या काढून पाहुणे ठेवणारी बाई दुपारी मोबाइलवर तिसऱ्यांच्या सुक्याचा फोटो टाकते आणि खाली चार ओळी लिहिते. बागवाला मोहोराचा व्हिडिओ टाकतो आणि यंदा तुडतुडा किती आहे ते सांगतो. ते लिहितात म्हणून त्यांचा माल विकला जातो. माल असतो म्हणून लिहिण्याजोगे काही असते. दोन वेगळी पुस्तके काढली असती तर दोन्ही अर्धी झाली असती.

आपला जिल्हा मनीऑर्डरवर जगला असे म्हणतात, ते खोटे नाही. गिरणीत, गोदीत, कुणाच्या घरी कामाला गेलेल्या चाकरमान्यांचा पैसा पोस्टाने गावात यायचा. माल उलट दिशेने जायचा, तो मात्र दलालाच्या हातून. कलमवाला पेटी भरून मुंबईला, पुढे वाशीला पाठवणार, भाव तिथे ठरणार, पट्टी मागाहून येणार. आपला आंबा कुणी खाल्ला हे बागवाल्याला ठाऊक नसे आणि आपण कुणाच्या बागेतला खाल्ला हे खाणाऱ्याला. दोघांच्या मध्ये जे अंतर होते त्यावर बाजार चालत होता.

ते अंतर तुटले ते काही एका दिवसात नव्हे, पण फार वर्षेही लागली नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला, नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सअॅपने व्यावसायिकांसाठी वेगळे अॅप काढले, २०१९ च्या अखेरीस त्यात मालाचा कॅटलॉग टाकण्याची सोय आली. एवढे सगळे हाताशी असूनही बहुतेक बागवाले वाशीचीच वाट धरून होते. मग २५ मार्च २०२० रोजी देश बंद झाला, आणि तेव्हा आंबा झाडावर होता. वाशीचा बाजार मध्येच बंद, मध्येच सुरू. नाइलाजाने लोकांनी मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकांना फोन केले, नातेवाइकांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकले, एका सोसायटीच्या पन्नास पेट्या एका टेम्पोत जाऊ लागल्या. त्या हंगामात ज्यांनी ग्राहकांची नावे आणि नंबर वहीत नीट उतरवून ठेवले, त्यांना पुढच्या वर्षी दलालाशी बोलताना आवाज चढवता आला. ज्यांनी ते ग्रुपच्या भरवशावर सोडले, त्यांचे ग्रुप पुढे ‘सुप्रभात’च्या फुलांखाली गाडले गेले.

वहीचा मुद्दा मी पुन्हा काढणार आहे. त्याआधी ही पुस्तिका काय नाही ते सांगतो.

‘व्यवसायासाठी पन्नास उपयुक्त अॅप्स’ अशी पुस्तके बाजारात आहेत, आणि त्याच नावाचे व्हिडिओ तर रोज निघतात. तशी यादी करणे सोपे होते. ती मुद्दाम केलेली नाही. आज लिहिलेली यादी छापून हातात येईपर्यंत शिळी होते. अतिशयोक्ती वाटत असेल तर मागे वळून पाहा. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले. गूगल प्लस २०१९ मध्ये गेले. टिकटॉकवर जून २०२० मध्ये सरकारने बंदी घातली, आणि तिथे ज्यांचे लाखभर चाहते होते त्यांचे चाहते एका संध्याकाळी शून्य झाले. मराठीसह भारतीय भाषांसाठी म्हणून आलेले कू जुलै २०२४ मध्ये बंद पडले. ट्विटरचे तर नावच बदलले.

या सगळ्यांत आपल्या किनाऱ्यावरच्या छोट्या माणसाला लागणारे होते ते मात्र बातम्यांत फारसे आले नाही. गूगलच्या नकाशावर दुकान किंवा खोल्यांची नोंद केली की एक पानाची वेबसाइट फुकट मिळायची. फोटो, पत्ता, फोन, वेळ. घरगुती राहण्याची सोय करणाऱ्या कित्येकांची तीच एकमेव वेबसाइट होती. व्हिजिटिंग कार्डावर तोच पत्ता छापलेला. मार्च २०२४ मध्ये गूगलने ती सोय बंद केली. नकाशावरची नोंद राहिली, वेबसाइट गेली. दाद मागायची सोय नव्हती, कारण पैसे दिलेले नव्हते आणि जागा आपली नव्हती.

रत्नागिरीच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्याकडे खोती होती. जमीन कुळाने कसायची, दगड काढून वाफे कुळाने करायचे, झाडे कुळाने लावायची. आणि वाटा किती हे खोताने ठरवायचे. खोत चांगला असेल तर पिढ्या सुखात गेल्या, नसेल तर एका हंगामात उठावे लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, आणि कायदा व्हायला १९४९ उजाडले. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, खोल्या बुक करणारी संकेतस्थळे, घरपोच माल नेणारी अॅप्स, यांच्याशी आपले नाते कुळाचे आहे. माणसे आपण जमवायची, फोटो आपण काढायचे, उत्तरे रात्री अकराला आपण द्यायची. पण आपली पोस्ट किती जणांना दाखवायची, कमिशन किती कापायचे आणि खाते कधी गोठवायचे हे दुसरा ठरवणार. फरक असलाच तर एवढा, की कुळाला निदान खोताचे घर माहीत होते.

म्हणून तिकडे जायचेच नाही का? तसे म्हणणे वेडेपणाचे होईल. गिऱ्हाईक तिथे आहे. पुढच्या प्रकरणांत या प्रत्येक ठिकाणी काय करावे ते खुलासेवार दिले आहे. पण कसायला घेतलेली जमीन आणि सातबाऱ्यावरची जमीन यांत आपण जो फरक करतो, तो इथेही करावा. दुसऱ्याच्या जागेत हंगाम करावा, घर बांधू नये.

सातबाऱ्यावर काय येते? माझ्या मते चारच गोष्टी.

पहिली, स्वतःचे नाव. म्हणजे डोमेन. ‘.इन’ किंवा ‘.कॉम’ने संपणारा पत्ता वर्षाला साधारण पाचशे ते दीड हजार रुपयांत मिळतो, पेटीभर आंब्यापेक्षा स्वस्त. देवनागरीत ‘.भारत’ने संपणारा पत्ताही २०१४ पासून घेता येतो. तो दिसतो झकास, पण त्यावर ईमेल चालवताना अजून अडचणी येतात. म्हणून जोडीला घ्यावा, एकटा नको. डोमेन घेण्यापेक्षा महत्त्वाचे ते कुणाच्या नावावर आहे हे पाहणे. पुतण्या कॉलेजात असताना त्याने स्वतःच्या ईमेलवरून नोंदवले, आता तो बंगळूरला असतो आणि जुना ईमेल उघडत नाही; किंवा वेबसाइट करून देणाऱ्याने स्वतःच्याच नावावर घेतले आणि आता दर वर्षी मनाला येईल तो आकडा सांगतो. या दोन कथा इतक्या ठिकाणी ऐकल्या की त्यावर एक अख्खे प्रकरण द्यावे लागले. त्यातच भर म्हणून हेही ध्यानात ठेवा, की दोन वर्षे न वापरलेले गूगल खाते कंपनी काढून टाकू शकते; त्यातली पत्रे आणि फोटो त्याच्याबरोबर जातात.

दुसरी, ग्राहकांची यादी. हीच ती वही. कागदाची असो, मोबाइलमधली असो वा गूगल शीटमधली. नाव, गाव, नंबर, कधी घेतले, किती घेतले, काय तक्रार केली. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, आणि ज्याने आपला नंबर त्याच्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच तो संदेश पोहोचतो. हे माहीत नसल्याने पुष्कळ जण ‘मी सगळ्यांना पाठवले, कुणी उत्तरच दिले नाही’ म्हणून कपाळाला हात लावतात. पेटी पोहोचली की ‘माझा नंबर अमुक नावाने सेव्ह करा’ एवढी एक ओळ पाठवावी. आणि ज्याला संदेश नको असेल त्याचे नाव काढावे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाच आहे, पण कायदा नसता तरी हेच करायला हवे होते. लोकांचे नंबर म्हणजे काही आपली मिळकत नव्हे, ठेव आहे.

तिसरी गोष्ट, आपले फोटो. मूळ आकाराचे, फोनबाहेर कुठेतरी ठेवलेले. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेला फोटो छापायला दिला की प्रेसवाला हसतो. आणि चौथी, आपले लिखाण.

या चौथ्या गोष्टीवर मला जरा रेंगाळायचे आहे, कारण तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते.

रीळ दोन दिवस जगते. कधी तिसऱ्या दिवशीही चालते, पण तो योग. उलट एखाद्या प्रश्नाचे नीट लिहिलेले उत्तर वर्षानुवर्षे माणसे आणते. त्यासाठी काय लिहावे हे बाहेर शोधायला नको. भाट्याचेच पाहा. कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र इथे १९५५ पासून आहे. ‘प्रताप’ ही नारळाची जात इथली. नारळाच्या दोन झाडांमधल्या रिकाम्या जागेत जायफळ, दालचिनी, मिरी अशी मसाल्याची पिके घ्यायची ‘लाखी बाग’ ही कल्पना या केंद्राने रुजवली. राज्यभरातले नारळवाले रोपांसाठी आणि माहितीसाठी इथे फोन करतात. आणि हाकेच्या अंतरावर खोल्या देणाऱ्यांच्या पानावर काय असते? ‘निसर्गरम्य परिसर, अप्रतिम समुद्रकिनारा.’ लाखी बाग बघायला आलेला शेतकरी मुक्कामाला कुठे राहील, याचा विचार त्या पानावर केलेला नाही. जायफळाचे झाड पाहिलेले पाहुणे शहरात किती असतील? त्यावर दोनशे शब्द आणि चार फोटो टाकले तर ते पान इथल्या कुठल्याही रीळपेक्षा जास्त काळ टिकेल.

तसेच आंब्याचे. पेटी घरी आल्यावर आढी कशी घालावी, गवत कसे पसरावे, किती दिवसांनी उलटावे, कोणते फळ आधी काढावे, फ्रिजमध्ये कधी ठेवू नये. हे इथल्या प्रत्येक घराला येते आणि शहरात जवळजवळ कुणाला येत नाही. साका म्हणजे काय, तो बाहेरून का दिसत नाही, आणि निघाला तर आपण काय करणार, हे आधीच लिहून ठेवले की निम्मी भांडणे होतच नाहीत. भरतीच्या वेळा कुठे पाहाव्यात, पावसाळ्यात चौपाटीवर पाण्यात का उतरू नये, पावसला जाणारी गाडी कुठून मिळते. आपल्याला हे सांगण्यासारखे वाटतच नाही, कारण ते आपल्या अंगवळणी पडले आहे.

कोणत्या प्रश्नाला किती मागणी आहे हे पाहायचे तर गूगल ट्रेंड्स फुकट आहे. त्यात हापूसचा शोध मार्चपासून कसा चढतो ते पाहता येते. पान फेब्रुवारीत तयार हवे, एप्रिलमध्ये लिहायला बसलो तर हंगाम निघून जातो. दुसरे असे, की मराठी माणूसही शोधताना बरेचदा रोमन लिपीत टाइप करतो किंवा फोनला बोलून विचारतो. म्हणून मजकूर देवनागरीत असला तरी शीर्षकात एखादे रोमन रूपही असावे. त्यात कमीपणा नाही.

देवनागरी लिहिणे आता अवघड राहिलेले नाही. युनिकोडपूर्वीच्या काळात एका संगणकावरचे मराठी दुसऱ्यावर चौकोन होऊन उमटायचे, ते ज्यांनी भोगले त्यांनाच आजच्या कीबोर्डची किंमत कळते. बोलून टाइप करण्याची सोय तर जेमतेम शाळा शिकलेल्यांनाही जमते, फक्त जोडाक्षरे एकदा तपासावीत. फॉन्ट मात्र डोळे उघडे ठेवून निवडा. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता आणि बलू हे फॉन्ट मोफत आहेत आणि पाटीवर, लेबलवर छान दिसतात. पुष्कळ फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. राज्य शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श अशी मराठी वळणे ठरवून दिली आहेत. आंबापोळीच्या पाकिटावर त्यामुळे खप वाढेल असा दावा मी करणार नाही. पण आपल्या मालावर आपले अक्षर असावे.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी, कारण सध्या कुठेही गेले तरी पहिला प्रश्न तोच असतो. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले, गूगलचे जेमिनी अॅप जून २०२४ पासून मराठीतही चालते. ही साधने उपयोगी आहेत. गुजराती किंवा कन्नड गिऱ्हाइकाला त्याच्या भाषेत उत्तर द्यायचे, पंचवीस मालांचे दरपत्रक तक्त्यात बसवायचे, रागावलेल्या माणसाला शांत पत्र लिहायचे, यासाठी ती जरूर वापरावीत. पण घराची ओळख लिहायला सांगाल तर ‘कोकणच्या कुशीत वसलेले एक स्वर्गीय ठिकाण’ असे काहीतरी हाती येईल, आणि शेजाऱ्यालाही तेच मिळालेले असेल. गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळी घरे एकाच कुशीत वसू लागली आहेत. शिवाय हे यंत्र ठामपणे चुकते. अंतरे, देवळांचा इतिहास, झाडांची नावे, काहीही ठोकून देते. गावात राहून गावाविषयी खोटे छापणे शोभत नाही.

याहून खोल फरक दुसरा आहे. आता शोध घेतला की गूगल वरच स्वतःचे उत्तर तयार करून देते. खालच्या पानापर्यंत जायचे कारणच उरत नाही. सर्वसाधारण माहितीवर चालणाऱ्या ब्लॉगांचे वाचक त्यामुळे घटत आहेत. ‘रत्नागिरीत पाहण्यासारखी दहा ठिकाणे’ हा लेख आता लिहू नये. तो यंत्राने लिहून झाला. यंत्राजवळ नसते ते यंदाचे. यंदा पहिला मोहोर कधी आला, कुठल्या थंडीत तो जळला, पहिली पेटी कधी उतरली, कोणत्या बोटीला बांगडा लागला. ज्याच्या पायाखाली जमीन आहे त्यानेच ते लिहावे, आणि सुदैवाने आपल्या पायाखाली ती आहे.

नकाशावरची नोंद हे दुकानाचे पहिले पाऊल मानून पुस्तिकेत ते प्रकरण सुरुवातीला घेतले आहे. ती मोफत असते. ‘गूगलमधून बोलतोय, नोंद चालू ठेवायला पैसे भरा’ असा फोन आला तर तो गूगलचा नव्हे. ठिकाणाची खूण स्वतः उभे राहून लावा. खाडीकाठच्या घराची खूण खाडीत पडलेली दिसते, आणि रात्री दहाला पुण्याहून आलेली गाडी ती पाहून भलत्याच वाटेला लागते. पावसाळ्यात बंद असाल तर तसे लिहा. अभिप्रायांना उत्तर द्या, वाईट अभिप्रायाला आधी. पैसे देऊन अभिप्राय लिहवून घेण्याचा धंदा जोरात आहे, त्यात पडू नये. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले ते याच उपद्रवामुळे. विकत घेतलेले अभिप्राय ओळखूही येतात: दहा जण एकाच आठवड्यात आले आणि दहाही जणांना ‘स्टाफ’ आवडला, जिथे स्टाफ म्हणजे काकू आणि त्यांची सून.

पैशाच्या बाबतीत एकच गोष्ट पाठ करून ठेवा: पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. ‘लष्करातला अधिकारी बोलतोय, कॅम्पसाठी वीस पेट्या हव्यात, आधी मी एक रुपया पाठवतो, तुम्ही कोड स्कॅन करा’ हा फोन हंगामात हमखास येतो. आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. खात्यात जमा झाले का ते बँकेच्या संदेशात पाहावे, मगच पेटी उचलू द्यावी. गिऱ्हाइकाला राग येत नाही. येत असेल तर तो गिऱ्हाईक नव्हता.

कायद्याचे प्रकरण आटोपशीर ठेवले आहे, कारण नियम बदलतात. तरी ठळक ते इथेच सांगतो. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. याचा अर्थ रत्नागिरीत बाग असलेला प्रत्येक जण पेटीवर ते चिन्ह छापू शकतो असा नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. बाहेरचा आंबा रत्नागिरीच्या पेटीत भरून विकला जातो ही आपली जुनी ओरड. ती करताना आपली नोंद झालेली असली तर आवाजाला वजन येते. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमालाही हे मानांकन आहे, आणि ते आंब्याइतके कुणी मिरवत नाही, हे आश्चर्यच. आंबापोळी, लोणचे, सरबत अशा तयार मालावर अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक लागतो. ताजे फळ आणि डबाबंद रस यांना कराचे नियम वेगळे आहेत, तेव्हा रस सुरू करण्याआधी जाणत्याला विचारावे. उद्यम नोंदणी सरकारच्या संकेतस्थळावर पूर्ण मोफत होते. तशाच दिसणाऱ्या खासगी संकेतस्थळांवर हजार-दोन हजार भरून आलेले लोक प्रत्येक गावात भेटतात.

वाहतुकीचे प्रकरण सर्वांत लांब झाले आहे, आणि त्याबद्दल मी दिलगीर नाही. ऑनलाइन विक्रीच्या बोलण्यात सगळे फोटोपाशी थांबतात, पण आंबा हा जिवंत माल आहे, तो वाटेत पिकत असतो. पेटीत तयार, अर्धतयार की कच्चे, हे वर लिहिले नाही तर गिऱ्हाईक चौथ्या दिवशी कच्चा कापतो आणि फोन करतो. कुरिअरवाला शनिवारी दार बंद पाहून पेटी सोमवारपर्यंत गोदामात ठेवतो, तेव्हा पत्र्याखालच्या त्या दोन दिवसांचा भुर्दंड बागवाल्यावर येतो. म्हणून कोणत्या वारी माल सोडायचा, पेटीला भोके किती, उघडतानाचा फोटो किती तासांत मागायचा, खराब फळाचे पैसे द्यायचे की पुढच्या पेटीत भर घालायची, हे सगळे त्यात आहे. हे ज्यांनी सांगितले ते पॅकिंग करणारे आणि टेम्पो चालवणारे आहेत. संगणकाच्या वर्गात त्यांना कुणी बोलावत नाही.

काही गोष्टी पुस्तिकेतून गाळल्या आहेत. पैसे देऊन केलेल्या जाहिरातींवर फक्त दोन पाने आहेत, कारण ज्याच्या नकाशावरच्या नोंदीत फोन नंबर चुकला आहे त्याने जाहिरातीला पैसे घालवणे म्हणजे चुकीच्या दारी वरात नेणे. ‘इन्फ्लुएन्सर’ला फुकट मुक्काम द्यावा की नाही यावर आमच्यातच मतभेद होते. मी ‘देऊ नये’च्या बाजूचा आहे, ज्यांनी देऊन फायदा करून घेतला त्यांचा अनुभवही त्यांच्याच शब्दांत छापला आहे. मासळीच्या ऑनलाइन विक्रीवर प्रकरण हवे होते. राजिवडा आणि मिरकरवाड्यातल्या बायकांशी बोलल्यावर ध्यानात आले की बर्फ, वेळ आणि उधारी यांचे त्यांचे गणित आंब्याच्या चौकटीत बसत नाही, त्यासाठी वेगळी पुस्तिका लागेल.

वाचण्याचा क्रम ज्याने त्याने ठरवावा, पण वेळ ठरलेली आहे. एप्रिल-मे महिन्यांत हे पुस्तक उघडू नका, तेव्हा विका. जूनचा पहिला पाऊस पडून पाहुणे थांबले की नकाशा आणि डोमेनपासून सुरुवात करावी. गणपतीला चाकरमानी घरी येतात, त्यांतल्या एखाद्या भाचीला दोन दुपारी धरून बसवावे. वेबसाइट तिच्याकडून करून घ्यावी, मात्र खाते आपल्या नंबरावर उघडावे. दिवाळीनंतर लिखाण आणि फोटो. मोहोर दिसू लागला की यादीतल्या जुन्या गिऱ्हाइकांना पहिला संदेश.

शेवटची चार पाने कोरी ठेवून त्यांवर रकाने आखले आहेत. डोमेनचे नाव, ते कुणाच्या नावावर, नूतनीकरणाची तारीख, कोणत्या ईमेलवर आणि कोणत्या मोबाइलवर खाते उघडले, घरातल्या आणखी कुणाला ते माहीत आहे. शाईच्या पेनाने भरावे आणि पुस्तिका जमिनीच्या कागदांच्या पिशवीत ठेवावी. पासवर्ड मात्र तिथे लिहू नये.